पिन कुणाला सांगितला होता का?

रात्री दोनच्या सुमारास मोबाइल वाजतो. खात्यातून दहा हजार रुपये काढल्याचा संदेश असतो. लगोलग दुसरा येतो, मग तिसरा. कार्ड पाकिटात असते, पाकीट उशाशी, आणि पैसे निघत असतात ते खातेदाराने आयुष्यात न पाहिलेल्या गावच्या एटीएममधून. सकाळी तो शाखेत जातो, रांगेत उभा राहतो, आणि त्याचे म्हणणे पुरते ऐकून घेण्याआधीच काउंटरपलीकडून विचारले जाते, 'पिन कुणाला सांगितला होता का?' विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही, पण या एका प्रश्नाने तक्रारदार आरोपीच्या जागी जाऊन बसतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत फसवणुकीच्या तऱ्हा बदलल्या, यंत्रे बदलली, कार्डेही बदलली. हा प्रश्न मात्र टिकून आहे. एटीएमच्या भिंतीवरचे फलक, बँकांचे एसएमएस आणि वर्तमानपत्रांतल्या जाहिराती यांचा सूरही तोच असतो की ग्राहकाने सावध राहावे. राहू नये असे कोण म्हणेल? पण कार्डांच्या फसवणुकीचा इतिहास काढून पाहिला तर ग्राहक एकाएकी शहाणे झाले आणि फसवणूक घटली, असे कुठेच सापडत नाही. ज्यांच्या हातात यंत्रणा होती त्यांच्या खिशाला झळ बसू लागली, तेव्हा ती घटली.

हे पटण्यासाठी कार्डाची नक्कल होते कशी, ते आधी पाहायला हवे. जुन्या कार्डाच्या पाठीवर जी काळी पट्टी असे, तिच्यात कार्डाचा क्रमांक, मुदत आणि बँकेला ओळख पटवणारा एक छोटा संकेतांक चुंबकीय रूपात साठवलेला असतो. १९६०च्या दशकात आयबीएम कंपनीत घडवलेले हे तंत्र. त्यातली माहिती कधी बदलत नाही. आज वाचा, वर्षभराने वाचा, तेच आकडे तसेच बाहेर येतात. त्यामुळे किल्लीचा ठसा साबणावर उमटवून घ्यावा, तशी ही पट्टी एकदा वाचून घेतली की कोऱ्या कार्डावर उतरवता येते. त्यासाठी लागणारा स्किमर एटीएमच्या कार्ड आत सरकवायच्या फटीवर बेमालूम बसतो किंवा हॉटेलातल्या, पेट्रोल पंपावरच्या एखाद्या माणसाच्या मुठीत मावतो. पिन टिपायला बारीक कॅमेरा किंवा कीपॅडवर चढवलेला खोटा कीपॅड पुरतो. ऑगस्ट २०१६ मध्ये तिरुवनंतपुरमला एका एटीएम केंद्रात रुमेनियाहून आलेल्या टोळीने धूर ओळखणाऱ्या उपकरणासारखी दिसणारी पेटी बसवली होती आणि तिच्यात कॅमेरा दडवला होता. पैसे काढले गेले ते मुंबईत, आणि एक आरोपी पकडला गेला तोही मुंबईतच. पिन दाबताना दुसऱ्या हाताने कीपॅड झाकावा हा सल्ला कॅमेऱ्यापुरता खरोखर उपयोगी आहे, तो पाळावाच. पण छताला लावलेली पेटी धुराची की चोराची, हे पैसे काढायला आलेल्या माणसाने ओळखावे अशी अपेक्षा कोणत्या हिशेबात बसते? ते एटीएम त्याचे नाही, त्याची देखभाल तो करत नाही, आणि तिथे रोज काय असते नि आज काय नवे आले आहे हे कळायला त्याच्याकडे काही मार्ग नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये याहून मोठे प्रकरण उजेडात आले. देशातल्या निरनिराळ्या बँकांच्या मिळून सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती फुटल्याची भीती निर्माण झाली. एटीएमचे व्यवहार हाताळणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेस या कंपनीच्या यंत्रणेत घातकी सॉफ्टवेअर शिरले होते. तसे कंपनीने पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये मान्य केले. एकट्या स्टेट बँकेने सहा लाखांच्या आसपास कार्डे बंद करून नवी दिली. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनच्या माहितीनुसार १९ बँकांच्या ६४१ ग्राहकांचे मिळून १ कोटी ३० लाख रुपये गेले. फुटलेल्या कार्डांच्या मानाने ही रक्कम लहानच म्हणायची. पण ज्यांचे पैसे गेले त्यांनी काय चूक केली होती? पिन कुणाला सांगितला नव्हता, कार्ड कुणाच्या हाती दिले नव्हते. बँकेने पुरवलेले कार्ड चालू असलेल्या एटीएममध्ये घालून त्यांनी आपलेच पैसे काढले होते, इतकेच.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे प्रकरण तर असे आहे की त्यात सामान्य खातेदाराच्या सावधपणाला काही कामच उरत नाही. १९०६ साली स्थापन झालेली ही जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, काही तासांच्या अवधीत तिच्या बनावट कार्डांवर २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. देशातल्या एटीएममधून आणखी अडीच कोटी. सोमवारी, १३ तारखेला, बँकांच्या परदेशी व्यवहारांसाठीच्या स्विफ्ट यंत्रणेमार्फत १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतल्या खात्यात वळवण्यात आले. एकूण ९४ कोटींहून अधिक. यातली खरी करामत कार्डांची नव्हती. एटीएममध्ये कार्ड घातले की पैसे द्यायचे की नाही, हा प्रश्न बँकेच्या स्विचकडे येतो आणि स्विच तो खात्याच्या नोंदी ठेवणाऱ्या मूळ प्रणालीला विचारतो. चोरांनी बँकेच्या यंत्रणेत शिरून मध्येच स्वतःचा खोटा स्विच उभा केला. तो मूळ प्रणालीला काही विचारतच नव्हता, येईल त्या मागणीला होकार देत होता. खात्यात शिल्लक किती, दिवसाची मर्यादा काय, या प्रश्नांना अर्थच राहिला नाही. खातेदारांच्या खात्यांना धक्का लागला नाही आणि नुकसान बँकेचे झाले, म्हणून त्यांची झोप वाचली. एटीएमवर असा सामूहिक हल्ला होण्याची शक्यता असल्याचा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने त्याच सुमारास बँकांना दिला होता. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने या चोरीचा धागा उत्तर कोरियाशी जोडला. आणि या जगभर पसरलेल्या कारस्थानाचे एक टोक आपल्या कोल्हापुरात होते: तिथल्या एटीएमसमोर उभे राहून, कमिशनच्या आशेने, बनावट कार्डे एकामागून एक घालणारे हात स्थानिकच होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. सूत्रधार हाती लागले नाहीत.

सदोष यंत्रणेचा भार कुणी वाहायचा, हा प्रश्न आपल्याकडे निघण्याच्या कितीतरी आधी इंग्लंड-अमेरिकेत निघाला होता आणि दोन्ही देशांनी त्याची उलट उत्तरे दिली. अमेरिकेत १९७८च्या कायद्याने ग्राहकावरचा भार मर्यादित केला. कार्ड हरवल्याचे कळल्यापासून कामकाजाच्या दोन दिवसांत कळवले तर जास्तीत जास्त ५० डॉलर. १९८० साली न्यूयॉर्कच्या एका न्यायालयापुढे ग्राहकाचा शब्द विरुद्ध यंत्राची नोंद असा पेच आला, तेव्हा न्यायाधीशांनी माणसावर विश्वास ठेवला. ब्रिटनमध्ये मात्र बँका सांगत राहिल्या की आमची यंत्रणा चुकूच शकत नाही, म्हणजे पैसे तुम्हीच काढले असणार किंवा तुमच्या घरच्यांनी. तिथे हे इतके टोकाला गेले की खात्यातून परस्पर पैसे गेल्याची तक्रार करणाऱ्या एका पोलीस हवालदारावरच फसवणुकीच्या प्रयत्नाचा खटला भरला गेला. १९९४ मध्ये तो दोषी ठरला. अपिलात त्याच्या बाजूच्या तज्ज्ञाला बँकेने आपली यंत्रणा तपासू दिली नाही, तेव्हा कुठे तिचा पुरावा बाद झाला आणि १९९६ मध्ये तो सुटला. केंब्रिज विद्यापीठाचे संगणकतज्ज्ञ रॉस अँडरसन यांनी १९९३ मध्ये अशा प्रकरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुणी अवघड सांकेतिक लिपी फोडली म्हणून पैसे जात नव्हते, तर बँकांच्या साध्या गलथानपणामुळे जात होते, हे त्यांनी दाखवले. एका छोट्या संस्थेने तर सगळ्या ग्राहकांना एकच पिन देऊन ठेवला होता! अँडरसन यांच्या पुढच्या लेखनातला निष्कर्ष आणखी बोलका आहे. ब्रिटिश बँका सुरक्षेवर अमेरिकी बँकांपेक्षा जास्त खर्च करत होत्या आणि तरी त्यांच्याकडे फसवणूक जास्त होती. तक्रार आली तरी ती ग्राहकाच्याच माथी जाणार हे कर्मचाऱ्यांना ठाऊक होते, त्यामुळे कुणाला काही शोधून दुरुस्त करण्याची गरजच वाटत नव्हती.

चिपच्या कार्डांची गोष्ट याच वाटेने गेली. चिपमध्ये साठवलेली गुप्त किल्ली बाहेर येत नाही. प्रत्येक व्यवहाराला ती नवा, त्या व्यवहारापुरताच चालणारा संकेत तयार करते. म्हणून कालचा संकेत चोरून आज उपयोग नाही. हे तंत्र १९९०च्या दशकापासून उपलब्ध होते आणि ब्रिटनने २००६ पर्यंत चिप आणि पिन सक्तीचे करून टाकले. अमेरिकेतले दुकानदार मात्र नवी यंत्रे घेण्याच्या खर्चाला बिचकत होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये कार्ड कंपन्यांनी नियम बदलला: ज्याने चिपची सोय केलेली नाही, बनावट कार्डाचे नुकसान त्याने भरायचे. मग यंत्रे भराभर आली. मार्च २०१९ पर्यंत चिप स्वीकारणाऱ्या दुकानांतली बनावट कार्डांची फसवणूक ८७ टक्क्यांनी घटल्याचे व्हिसाने जाहीर केले. त्या साडेतीन वर्षांत अमेरिकी ग्राहकाच्या स्वभावात काही क्रांती झाली नव्हती. भारतात हे काम रिझर्व्ह बँकेने हुकमाने केले. २००९ पासून ऑनलाइन व्यवहाराला दुसऱ्या पडताळणीची सक्ती झाली, पट्टीची जुनी कार्डे बदलण्यासाठी २०१८ अखेरची मुदत दिली गेली आणि २०२० पासून नवे कार्ड परदेशी व ऑनलाइन वापरासाठी मुळात बंदच येऊ लागले. ज्याला हवे त्याने ते चालू करून घ्यायचे. ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांच्या संकेतस्थळांना ग्राहकाचा कार्ड क्रमांक साठवून ठेवायला बंदी झाली. यातला एकही उपाय ग्राहकाला उपदेश करणारा नव्हता, आणि नेमके तेच चालले. पट्टी मात्र चिपच्या कार्डाच्या पाठीवरही सोबतीला राहिली, कारण जगात कुठे तरी जुने यंत्र असेल. मास्टरकार्डने ती कार्डांवरून पूर्ण घालवण्याचे साल २०३३ ठरवले आहे. साठ-सत्तर वर्षे पुरले म्हणायचे हे तंत्र.

आपल्याकडे नुकसान कुणाचे, याचे उत्तर ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने दिले. ते ग्राहकाच्या समजुतीपेक्षा बरेच त्याच्या बाजूचे आहे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाने तक्रार केव्हा केली याला महत्त्व नाही, त्याचे नुकसान शून्य. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्याच कुठल्या यंत्रणेतून माहिती फुटली, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवल्यास तेव्हाही शून्य. कामकाजाच्या चार ते सात दिवसांत कळवले तर सर्वसाधारण बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजारांची झळ, मूलभूत बचत खात्याला ५ हजारांची. तक्रार आल्यापासून कामकाजाच्या दहा दिवसांत रक्कम खात्यात तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत प्रकरण मिटवायचे. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये असेच परिपत्रक निघाले. सगळ्यात महत्त्वाचे कलम पुराव्याचे: चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. म्हणजे काउंटरवर त्या खातेदाराला पहिला प्रश्न विचारला जातो तेव्हा कागदावरचा नियम उलटा झालेला असतो. 'आधी पोलिसांत जा, एफआयआर आणा, मग बघू' हे उत्तरही तसेच. पोलिसांत जाणे शहाणपणाचे आहे, पण बँकेला कळवण्याचे घड्याळ त्यासाठी थांबत नाही.

याला बँकिंगमधली मंडळी जो आक्षेप घेतात तो पोकळ नाही. नुकसान बँक भरणार हे ठरून गेले तर लोक बेफिकीर होतील, आणि काही जण स्वतःच पैसे काढून हात वर करतील. दोन्ही घडू शकते. पण पहिल्या भीतीबद्दल अमेरिकेचा चार दशकांहून जास्त काळाचा अनुभव समोर आहे. तिथल्या ग्राहकाला संरक्षण मिळाले म्हणून तो कार्ड रस्त्यावर टाकून फिरू लागला नाही. खाते रिकामे होण्याचा मनस्ताप, फेऱ्या, अडकलेला हप्ता ही शिक्षा पैसे परत मिळाले तरी भोगावी लागतेच. दुसऱ्या भीतीचे उत्तर पुराव्यात आहे, आणि पुरावा असतो बँकेकडे. कोणत्या एटीएमवर, किती वाजता, कोणते कार्ड वापरले आणि समोर कोण उभे होते याच्या नोंदी आणि चित्रीकरण खातेदाराच्या कपाटात नसते. खोटी तक्रार खोडून काढण्याची साधने ज्याच्याजवळ आहेत त्यानेच ती वापरावीत, यात अन्याय कसला?

दुसरा आक्षेप अधिक ताजा आणि अधिक अवघड आहे. नक्कल केलेल्या कार्डांचे दिवस सरत आले, आता चोर ग्राहकालाच फोन करतो. केवायसी संपली, वीज तोडली जाईल, पार्सल अडकले, अशी काहीतरी भीती घालून ओटीपी काढून घेतो किंवा मोबाइलवर ॲप टाकायला लावतो. इथे दार ग्राहकाने स्वतः उघडले, मग बँकेने का भरावे? २०१७ चे परिपत्रकही इथे सरळ बँकेच्या बाजूने बोलते. ग्राहकाने गुप्त माहिती दिली असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. मला हे कलम अर्धेच न्याय्य वाटते. एसएमएसने येणारा सहा आकड्यांचा ओटीपी बोलून दाखवता येतो, हा त्या पद्धतीचाच दोष आहे, आणि ती पद्धत ग्राहकाने निवडलेली नाही. शिवाय चोरलेला पैसा हवेत विरत नाही, तो कुठल्या तरी बँकेतल्या कुठल्या तरी खात्यात जातो. भाड्याने घेतलेले ते खाते कुणीतरी उघडून दिलेले असते, त्याची केवायसी कुणीतरी तपासलेली असते. महिनोन्‌महिने रिकाम्या पडलेल्या खात्यात एका दुपारी लाखो रुपये येतात आणि अर्ध्या तासात दहा ठिकाणी फुटतात, हे दृश्य फक्त बँकेलाच दिसते. न्यायालयेही आता या अंगाने पाहू लागली आहेत. ऑनलाइन घेतलेला कपडा परत करताना तोतयाच्या फोनला बळी पडून ९४ हजार गमावलेल्या स्टेट बँकेच्या एका ग्राहकाने चोवीस तासांच्या आत तक्रार केली होती. त्याच्या निष्काळजीपणाचा पुरावा नाही म्हणून गुवाहाटी उच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरले, आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. त्याआधी जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बँक ऑफ बडोदाला एका कंपनीचे ७६ लाखांहून अधिक रुपये परत करायला सांगितले, तेही याच २०१७ च्या परिपत्रकाच्या आधारे. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने पडताळणीचे नवे निर्देश काढले. १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख. एसएमएसच्या ओटीपीखेरीज इतर मार्गांना त्यात वाट आहे, आणि निर्देश न पाळल्यामुळे ग्राहकाचे नुकसान झाले तर ते बँकेने विनातक्रार पूर्ण भरून द्यायचे आहे.

लहान सहकारी बँकांना हा खर्च झेपणार नाही, असेही म्हटले जाते. महाराष्ट्रात हा मुद्दा हलका नाही. गावोगावच्या नागरी बँका थोड्या नफ्यावर चालतात. पण खर्च झेपत नाही म्हणून धोका ठेवीदाराकडे सरकवला तर तो कमी होत नाही, फक्त ज्याला मुळीच झेपत नाही त्याच्या अंगावर जातो. अनेक बँकांनी मिळून एक चांगली राखलेली यंत्रणा वापरणे हा मार्ग आहेच. मात्र तशा सामायिक यंत्रणेत शिरकाव झाला की काय होते तेही २०१६ ने दाखवले आहे, तेव्हा सेवा भाड्याने घेतली म्हणून जबाबदारीही भाड्याने देता येणार नाही.

तोवर ज्याच्या खात्यातून पैसे गेले त्याच्या हाती काही गोष्टी आहेत. कार्ड लगेच बंद करणे, सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदतक्रमांकावर कळवणे (पैसा पुढच्या खात्यात असेपर्यंत तो गोठवता येतो, म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे) आणि बँकेला लेखी तक्रार देऊन तिचा क्रमांक घेणे. त्या तक्रारीत एक मागणी सहसा कुणी लिहीत नाही. कार्डाच्या प्रत्येक व्यवहाराच्या नोंदीत कार्ड कसे वाचले गेले याचा संकेतांक असतो: चिपमधून, पट्टीवरून, की नुसता क्रमांक टाकून. ज्याच्याकडे चिपचे कार्ड आहे त्याच्या खात्यातून पट्टी वाचून पैसे गेले असतील, तर नक्कल झाल्याची ती जवळजवळ साक्षच. ही नोंद, त्या एटीएमचा इलेक्ट्रॉनिक जर्नल, म्हणजे यंत्रातली व्यवहारांची नोंदवही, आणि त्या वेळचे सीसीटीव्ही चित्रीकरण जपून ठेवावे, असे पहिल्याच पत्रात लिहून मागावे, कारण चित्रीकरण ठरावीक मुदतीनंतर पुसले जाते. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, आणि तिथे बँकेला हीच नोंद पुढे ठेवावी लागते.